मरळीच्या डोळ्यातले धागे
आमच्या सोवळ्या घरात मासे शिरले ते यांच्यामुळे. हे हायस्कुलात सायन्स शिकवायचे, आणि माशाच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात मज्जातंतू कसे वाढतात याचं यांना वेड. कल्लप्पा कोळी हिप्परग्याच्या तळ्यातून जित्या मरळी आणायचा, बोटाएवढ्या पिलापासून हातभर माशापर्यंत. मी नाक दाबून मागचं दार उघडायचे.

मेलेल्या माशाचा पडदा हे लिंबाच्या रसात भिजवायचे, मग धागे रंगायला फोटोवाल्याकडून आणलेल्या सोन्याच्या पाण्यात. माझी लिंबं त्यातच संपायची. एकदा मलाही सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. पिलाच्या पडद्यात काठाशी चारदोन जांभळे धागे. मोठ्या मरळीच्या पडद्यात मुळ्यांसारखं दाट जाळं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं.

"धागे वाढतात तसा स्पर्श कळायला लागतो," हे म्हणाले. माझ्या फुलवातीतला तंतू ओढून यांनी बादलीतल्या पिलाच्या डोळ्याला लावला. ते ढिम्म. मोठ्या मरळीला लावताच तिनं असा हिसका दिला की माझं लुगडं भिजलं.

"आता तुमची पाळी. वर बघा," मी चिडून म्हटलं, आणि नवा तंतू कडेनं यांच्या डोळ्याला लावला.

"लाव की," हे हसत म्हणाले.

"लावलाय."

यांचं हसू विरलं. दुसऱ्या डोळ्याचंही तेच. मग यांनी बाही सारून कोपराजवळचा फिकट चट्टा दाखवला. "इथंही काही कळत नाही. माझे तंतू मरतायत, गोदावरी. महारोग आहे."

मला देवळातले होम आठवले. दोन वर्षं होमाच्या धुरात सगळे डोळे पुसत, हे मात्र कोरडे. मामंजी देवळाचे पुजारी, ते यांच्याकडे बोट दाखवून सांगत, "आमच्या यज्ञेश्वराला अग्नी प्रसन्न आहे." लोक यांच्या पाया पडत, आणि मी मूर्खासारखी मिरवत होते. तेव्हाच डॉक्टर गाठायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा होम होता. आमची सहा वर्षांची प्रभा सवयीनं यांच्या मांडीवर जाऊन बसली. धूर उठताच यांनी तिला खाली उतरवलं आणि माझ्याकडे पाठवलं. ती डोळे चोळत, रडत आली. तिचे गाल ओले बघून मला हायसं वाटलं.

मग हेही उपरण्यानं डोळे पुसू लागले, चारचौघांसारखे. मामंजी हिरमुसले. होम संपताच धुवायला म्हणून मी ते उपरणं मागून घेतलं. कोरडं ठणठणीत होतं.