नावाड्याच्या बायकोची गोष्ट

"थोरा, आईबाप कुरकुरतात गं. पोरं घरी जाऊन रडतात म्हणे," वाचनालयाची सिसेल कॉफी ओतता ओतता म्हणाली. "शेवट जरा गोड कर की."

"गोष्ट आहे ती, केक नाही वरून साखर भुरभुरायला," थोरा म्हणाली. "आणि मीही रडलेच होते. मेले का?"

सिसेल हसली, पण तिने विषय सोडला नाही. "निदान आज तरी. येप्पेची छोटी आल्मा येणार आहे."

थोराने कप खाली ठेवला. येप्पे बंदरावर बोटी रंगवायचा. त्याची बायको उन्हाळ्यात वारली होती. त्यांच्या छोट्याशा बेटावर अशी गोष्ट सांगावी लागत नाही, ती घरोघरी आपोआप पोचते.

थोराचं सगळं आयुष्य तिथल्या मार्स्टल गावच्या बेकरीत राय धान्याचा काळा पाव विकण्यात गेलं. लोक तिला पावावरून ओळखत. शनिवारी मात्र ती वाचनालयात मुलांना जुन्या गोष्टी सांगायची, वडिलांकडून ऐकलेल्या. वडील बोटींची शिडं शिवत. सुई चालायची, तोंडही चालायचं. थोरा आणि धाकटी बहीण केस्टन त्यांच्या पायाशी कापडाच्या ढिगात लोळत ऐकायच्या. नावाड्याच्या बायकोची गोष्ट केस्टनची लाडकी. घरातला विस्तव विझतो, बायको गोठलेल्या खाडीवरून पलीकडच्या बेटावर निखारे आणायला जाते, आणि परत येत नाही.

केस्टन तापाने गेली त्या हिवाळ्यात थोराने हट्ट करून तीच गोष्ट मागितली. वडिलांनी सांगितली, पण त्यांच्या गोष्टीत बायको परत आली! आई ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. थोराला वडिलांचा राग आला होता. खोटं सांगितलं म्हणून. तो राग तिने इतकी वर्षं जपला होता.

मुलं आली, उशांवर बसली. दोघांच्या हातात मोबाइल होते, ते सिसेलने काढून घेतले. आल्मा पहिल्याच रांगेत होती. तिची वेणी एका बाजूला ओढलेली, बापाच्या हातची. येप्पे दाराशी टोपी चुरगाळत उभा राहिला.

थोराने गोष्ट सुरू केली. बर्फ कसा कुरकुरतो ते तिने दातांनी करून दाखवलं. विस्तवाचं खोटंखोटं मडकं पदराखाली धरावं तसं शालीखाली धरलं. बायको अर्ध्या खाडीत आली. आणि थोराची जीभ अडली. समोर ती वाकडी वेणी.

"मग... मग तिला पलीकडे दिवा दिसला," ती म्हणाली, "आणि ती धावत घरी..."

"नाही," आल्मा म्हणाली. "ती येत नाही."

दाराशी येप्पेने मान खाली घातली.

केस्टन गेल्यावर ही गोष्ट सांगताना वडिलांची सुई थांबली होती, हे थोराला एकदम आठवलं. बाकी कधी थांबत नसे.

"बरोबर आहे तुझं, पोरी," ती हळू म्हणाली. "नाही येत."

"मग तो नावाडी काय करतो?"

वडिलांची मूळ गोष्ट तर तिथेच संपायची. थोराने थोडा विचार केला. "आधी काहीच करत नाही. मग त्याला भूक लागते. स्वतःची लाज वाटते, पण लागते. मग तो शेजारी जातो आणि म्हणतो, जरा विस्तव द्या."

"देतात?"

"देतात की. वर लापशीही देतात."

"लोणी घालून?"

"भरपूर."

आल्माने मान डोलावली, जणू हिशेब जुळला. मागून एक पोरगा म्हणाला, "दुसरी सांग ना, हसायची!" थोराने तीही सांगितली.

सगळे गेल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. येप्पे सायकल ढकलत चढावर निघाला होता, मागच्या सीटवर आल्मा. वारा त्यांच्याकडून इकडे वाहत होता, म्हणून थोडं ऐकू आलं.

"नाही, बाबा, तू चुकतोस. गोष्ट पहिल्यापासून सांगते. नीट ऐक."

येप्पे सायकल थांबवून तिच्याकडे वळला.