दवाखान्यातलं रडणं

नटीला रडून चेहरा सुजवून घ्यायचा नसे. पडद्यावर ती नुसते ओठ थरथरवी आणि तिच्या वाटचं रडायचं हिने. पडद्यामागून नट्यांना आवाज देणं हेच हिचं काम. पण या सिनेमात बाप मेल्याचा प्रसंग आला आणि हिच्या घशातून काही केल्या रडू फुटेना. स्वतःचे वडील नुकते गेलेले. ते सोंग हिला जमेना. दिग्दर्शक दुसरा आवाज शोधायला निघाला, तेव्हा कानसेन मध्ये पडला. मी बघतो, म्हणाला.

कानसेन म्हणजे स्टुडिओतला ध्वनिमुद्रक आणि हिचा होणारा नवरा. वडील गेले त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात काका फोनला चिकटलेले, आत्या आधी कुणाला कळवायचं यावरून हमरीतुमरीवर आलेली. याने एकट्याने हिला छातीशी धरलं. रडून रडून ही गप्प झाली तेव्हा हळूच विचारलं, "बाबा तुला लाडाने काय म्हणायचे?" 'ठमाबाई' म्हणताना हिचा बांध पुन्हा फुटला. आपलं दुःख कळणारा माणूस भेटला, असं वाटून हिने लग्नाला होकार दिला होता.

आज तो प्रसंग तयार झाला म्हणून दिग्दर्शकाने हिला कौतुकाने बोलावलं. पडद्यावर नटीचे ओठ हलले आणि खोलीभर हिचं रडणं घुमलं. दवाखान्यातलं. 'ठमाबाई' तेवढं सफाईने कापलेलं. दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, याला म्हणतात काम.

कानसेनाला बाहेर नेऊन हिने जाब विचारला. लाज वाटायची सोडून गडी शाबासकीची वाट बघत उभा. म्हणाला, शर्टाच्या खिशात बारका रेकॉर्डर नेहमीच असतो, चांगला आवाज मिळाला की ठेवून देतो, त्यात काय एवढं? तुझं काम तर वाचलं! नाकाडोळ्यांचं पाणी आपण ज्या खिशावर गाळलं, त्यातला रेकॉर्डर चालू होता. शी! आणि हा निर्लज्ज वर उपकार मोजत होता.

"पण मी रडायची थांबले होते," ती म्हणाली. "मग बाबांचं का विचारलंस?"

"पहिल्या वेळी मागे गाडीचा हॉर्न वाजला होता."

एवढं तो अगदी सरळ, कामाचं सांगावं तसं बोलला.

तिने आत जाऊन दिग्दर्शकाला सांगितलं, माझं रडणं काढा आणि दुसरी कुणी बघा. काम हातचं गेलं. कानसेन मागे मागे आला. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, म्हणू लागला.

"लग्न होणार नाही," ती म्हणाली. "तुझ्या आईला तूच सांग."

मग बेसिनपाशी जाऊन तिने साबण घेतला आणि त्या दिवशी त्याच्या छातीला टेकवलेला गाल खसाखसा धुतला.