ढोरवाट

पुण्यात असताना मी दर रविवारी गड चढायचो, हे कार्डिफच्या ऑफिसात इतक्यांदा ऐकवलं होतं, की मला बघून लोक लिफ्ट सोडून जिन्याने जायचे.

२००६ साली वेल्समधल्या स्नोडोनियाच्या डोंगरांत फिरताना, हिमनदीने कोरलेल्या एका तळ्यावर धुकं उतरलं, तेव्हा बायकोने, चैत्रालीने, नकाशा उघडला.

“नकाशा कसला बघतेस? संध्याकाळी गुरं घरीच जातात. ढोरवाट धरली की गाव येतं,” असं ठणकावून मी समोरून चाललेल्या मेंढ्यांमागे निघालो. ती काठावरच थांबली.

वाट कड्यातल्या एका चिंचोळ्या कपारीत संपली. मेंढ्या तिथेच बसून निवांत रवंथ करू लागल्या. मी खडकाला मिठी मारून बोंबललो.

खालून आवाज आला, “मेंढ्या पोचल्या का रे घरी?”

“पोचल्या. इथेच राहतात त्या. मला न्यायला ये.”