दाराला बांधलेली वाकळ

मी कौशल्याबाईची वाकळ. नर्सीजवळच्या एका वस्तीवर तिनं मला जुन्या लुगड्यांतून शिवलं, १९९४ च्या थंडीत. तिच्या नवऱ्याला, मसाजीला, शेळ्यांजवळ बाहेर झोपावं लागे. त्याच्यासाठी मी. नऊ हिवाळे मी त्याला ऊब दिली. उन्हाळ्यात घडी होऊन पडून राहायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

मग २००३ चा मे आला. दहा वाजताच रान भाजायला लागे. मजुरीला गेलेल्या बाया अर्ध्या रोजावर परतत. मसाजीला शेळ्या चारता येईनात. दूध आटलं, दोन करडं मेली. व्यापारी आला आणि शेळ्या पडेल भावानं मागू लागला.

"समद्या देऊन टाकतो," मसाजी म्हणाला. "जित्या हायेत तवर."

"गाभण्या बी? मंग आपन खायाचं काय?" कौशल्याबाईनं विचारलं.

तो शेळ्या घेऊन भर उन्हात गेला आणि चक्कर येऊन बांधावर पडला. लोकांनी उचलून आणलं. घराचा पत्रा तापलेला, गोठ्याचाही. कौशल्याबाईनं मला ओढलं, बादलीत बुडवलं आणि गोठ्याच्या पश्चिमेच्या दाराला बांधलं. मसाजीला आत शेळ्यांमध्येच निजवलं.

तासाभरात मी वाळले. घरातलं पाणी संपलं होतं, टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता. तेवढ्यात शेजारची शालूबाई घमेलं घेऊन आली.

"भांडे धुतल्याचं पानी हाय, कौशल्या. वाकळीला चालतंय की."

मग आणखी बाया आल्या. कुणी आंघोळीचं आणलं, कुणी डाळ धुतल्याचं. ते सगळं पाणी मी पिऊन घेतलं. माझ्यातून येणारा वारा गार झाला. दिवस कलता मसाजीनं डोळे उघडले. त्याच्या पायाशी एक शेळी व्याली होती.

"व्यापाऱ्याला काय सांगू?" कौशल्याबाईनं विचारलं.

"न्हाई म्हन."

तरी दोन शेळ्या विकाव्याच लागल्या. पण कळप राहिला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मी त्या दाराला असते. भिजून भिजून टाके कुजलेत, मधोमध फाटले आहे. तक्रार नाही. ज्यांच्या घरी प्यायला पाणी पुरत नव्हतं, त्यांनी मला भिजवलं. एवढी माया कुणाच्या वाट्याला येते?

सध्या सून राधिका नवी जाड वाकळ शिवते आहे.

"कुनाला पांघराया?" शालूबाईनं काल विचारलं.

"पांघराया न्हाई, मावशी. दाराला."

बाई, टाके जवळजवळ घाल. ऊन वाढतंच आहे.