घड्याळातलं वरचं नाव

“दुकानदाराला सांग, आधी तू डोळे मीट आणि या घड्याळावरून तुझ्या बायकोला फोन लाव. लागला तर घेते. नाही लागला तर उठायचं, सरळ बाहेर यायचं. लाजायचं नाही.”

भाग्यश्रीने हे मला व्हॉइस नोटमध्ये बजावलं होतं. ती नेरूळला बँकेत आहे, माझ्यासारखीच जन्मापासून दृष्टिहीन. कॉलेजची सगळी वर्षं आम्ही एका बाकावर काढली. मी हसले होते. ही बाई भाजीवाल्याचीसुद्धा तोंडी परीक्षा घेईल, असं नवऱ्याला, रणजीतला, म्हणालेही होते.

घड्याळ मला हौसेसाठी नको होतं. माझा फोन बोलतो. स्क्रीनवर बोट ठेवलं की काय लिहिलंय ते वाचून दाखवतो, त्यावर माझं सगळं चालतं. पण दोन वर्षांचं मूल कडेवर असलं की फोन नेमका दुसऱ्या खोलीत असतो. रणजीत सकाळी महापेला कामावर जातो, तो संध्याकाळीच येतो. मला मदत हाताला बांधलेली हवी होती.

आणि सासूबाईंना उत्तर हवं होतं. शिवतेज झाल्यापासून गावाहून येणाऱ्या त्यांच्या प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला. “मंजुषा, तुला येत न्हाय असं मी म्हनत न्हाय गं. पन पोरगं साळंत जाईस्तवर आमच्याकडं राहू दे. हितं बगायला दहा मानसं हायती.” मी दर वेळी म्हणायची, “आई, मी आहे ना.” तिकडून नुसता एक उसासा.

वाशीच्या दुकानात खरोखर बोलणारं एक घड्याळ होतं. त्याची किंमत ऐकून रणजीतने घसा खाकरला, तेवढ्यावरून मी समजले. मग विक्रेत्याने दुसरं हातात दिलं. हलकं, गुळगुळीत. “मॅडम, ये भी बात करता है ना!” त्याने बाजूचं बटण दाबलं आणि घड्याळातून एका बाईने आजचं हवामान सांगितलं. मला भाग्यश्रीची परीक्षा आठवली, पण मागे गिऱ्हाईकं उभी होती आणि शिवतेज काउंटरवर लाथा झाडत होता. मी म्हटलं, “हेच द्या.”

घरी आल्यावर कळलं. हवामान सांगणं वेगळं, बोटाखाली काय आहे ते सांगणं वेगळं. बोट फिरवलं की नुसती काच. मुकी. परत घ्यायला दुकान तयार नव्हतं.

मग रणजीतने बसून पाठ करून घेतलं. “हे बघ, उजवीकडे सरकव. परत सरकव. आता वरच्या कडेला बोट टेकव. शेवटी ज्याच्याशी बोललीस त्याचं नाव तिथे येतं, त्यालाच फोन लागतो.” शेवटचं बोलणं माझं नेहमी रणजीतशीच व्हायचं. त्यामुळे रोज लागायचा. मी भाग्यश्रीला ऐटीत सांगितलं, बघ, जमलं.

“मंजू, ते घड्याळ नाहीये. पाठांतर आहे,” ती म्हणाली. “आणि पेपर कोण काढतंय ते तुला माहीत नाही.”

तो दिवस मंगळवार होता. दुपारनंतर पाणी जाणार म्हणून सोसायटीने कळवलं होतं, सगळ्या बिल्डिंगमध्ये नळ धो धो वाहत होते. मीही बाथरूममध्ये मोठी बादली लावली. मध्येच सासूबाईंचा फोन आला, तेच बोलणं, तोच शेवट. फोन ओट्यावर चार्जिंगला लावला, ओले कपडे घेतले आणि बाल्कनीत गेले. शिवतेजच्या पायात घुंगरांचे वाळे असतात. तो घरात कुठे आहे ते मला त्यावरून कळतं. वाळे माझ्या मागे मागे आले, उंबऱ्याशी थांबले. मग काचेचं दार सरकलं आणि खट्ट झालं.

तो खदखदून हसला. खिटी पाडायला तो शिकला होता, वर उचलायला नव्हे.

“शिवा, दार उघड. आईला दार उघड, राजा.”

त्याला खेळच वाटला. काचेवर थापा मारल्या, आणि वाळे आत निघाले.

आम्ही पाचव्या मजल्यावर. समोर हायवे, बाल्कनीला छतापर्यंत ग्रिल. मी हाका मारल्या. खालून हॉर्न, शेजारी एसीची घरघर, लोकांच्या खिडक्या बंद. अजून जोरात ओरडले असते. पण ओरडले की शिवतेज घाबरतो, आणि घाबरला की लपतो. तो लपायला कुठे जातो? बाथरूममध्ये. दारामागे.

नळ चालू होता. काचेतूनही मला बादलीचा आवाज कळत होता. आधी पोकळ, मग भरत भरत जड.

घड्याळाचं बटण दाबून म्हटलं, “रणजीतला फोन लाव.” ते नुसतं थरथरलं. फोनचं लॉक उघडलेलं नसलं की ते ऐकत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग पाठांतर. उजवीकडे, परत उजवीकडे, वरच्या कडेला. बोटं ओली होती, काच दाद देईना. गाउनला पुसून पुन्हा केलं. मनगटावर रिंग वाजायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला.

“हॅलो? काय गं, परत?”

सासूबाई.

अर्थात. शेवटी त्यांच्याशीच बोलले होते. वरचं नाव त्यांचं होतं. फोन कापायचा, खालच्या नावावर अंदाजाने बोट ठेवायचं, ते रणजीतचं असेल. असेल का? त्यांना एक शब्द सांगितला की शिवतेज गावी गेला, हे मला स्वच्छ दिसत होतं. आमच्यात ‘दिसत होतं’ असंच म्हणतात. दुसरा शब्द नाही.

“आगं बोल की! मंजुषा?”

आत वाळे बाथरूमच्या लादीवर गेले. तिथे त्यांचा आवाज बदलतो. मग वाळे थांबले.

“आई, मी बाल्कनीत अडकलेय. शिवाने आतून खिटी लावली. तो बाथरूममध्ये आहे. नळ चालू आहे.”

त्या एक अक्षर वाईट बोलल्या नाहीत. ते मला सांगायलाच हवं. लगेच मामंजींवर ओरडल्या, “आवो, धनाजीला फोन लावा! चावी हाय त्याच्याकडं. पळत जा म्हनावं!” धनाजी त्यांचा भाचा, तुर्भ्याच्या मार्केटला कामाला. घराची एक चावी त्याच्याकडे असू द्यावी, हा त्यांचाच हट्ट होता आणि मी त्यावरून रुसले होते. मग मला म्हणाल्या, “रडू नगंस. त्येला हाक मार. हळू मार. त्येला आवडतं ते काय तरी कर.”

मी हातातल्या बांगड्या काचेवर वाजवायला लागले. जेवण भरवताना मी ताटलीवर तशा वाजवते. तोंडाने ‘चिऊ आली, चिऊ आली’ चालू ठेवलं. आतून काहीच नाही. घड्याळातून सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, त्याही मध्ये बोलत नव्हत्या. वाजवत राहिले. एक बांगडी फुटली, हात चिरला, तरी वाजवत राहिले.

मग छुम. पुन्हा छुम. आणि काचेवर पलीकडून तळवे आपटले. चपाक, चपाक. ओले.

धनाजी येईपर्यंत त्याला तिथेच खेळवत ठेवलं. माझ्या बोटासमोर तो काचेवर बोट ठेवत होता की नाही ते मला माहीत नाही, पण मी ठेवत होते. धनाजीने दार उघडलं, आधी नळ बंद केला आणि बाथरूममधूनच म्हणाला, “वयनी, बादलीत याची गाडी तरंगतीय.”

दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि मामंजी आले. सासूबाईंनी माझ्या हाताची पट्टी बदलली, भाकरी केल्या, शिवतेजचे कपडे पिशवीत भरले. कुणी मोठा आवाज काढला असता तर मला भांडता आलं असतं.

“थोडे दिवस, मंजू,” रणजीत म्हणाला. “तुलापण जरा आराम.”

“मी मागितला का आराम?”

“मग काय करू? ऑफिसात दिवसभर माझं लक्ष लागेल का?”

“दाराची खिटी काढून टाक. बादली नको. उपाय आहेत.”

“आणि पुढची वस्तू? जी आपल्याला अजून सुचलीच नाहीये, ती?” त्याचा आवाज फुटला. सासूबाई म्हणाल्या, “मी तुला नावं ठेवत न्हाय गं,” आणि त्या खरंच ठेवत नव्हत्या.

त्याच आठवड्यात रणजीतने ते दुसरं, बोलणारं घड्याळ हप्त्यावर आणलं. भाग्यश्रीने फोनवर परीक्षा घेतली, पास झालं. आता ते मला सगळं वाचून दाखवतं. वेळ, बॅटरी, कुणाचा फोन, किती चाललीस. मी हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चालते. ‘उठा, थोडं फिरून या,’ असं ते दुपारी म्हणतं.

थोडे दिवस म्हणता म्हणता आता दुसरा महिना आहे. शाळेचं बोलणं निघालंय, तिकडच्या.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो. सगळे म्हणतात, “बघ किती हसतोय!” मला ऐकू काहीच येत नाही. रणजीत म्हणतो, तो बिस्कीट फोनच्या काचेला चिकटवतो. साहजिक आहे. मला काही दाखवायचं म्हणजे हातात द्यायचं, हे त्याला जन्मापासून माहीत आहे. विचारलं की सासूबाई सांगतात, “झ्याक हाय, जेवतो, खेळतो.” परवा मागून मामंजी हळूच म्हणाले, “कालपास्नं बोलत न्हाय जास्त.” लगेच कुणी तरी त्यांना गप्प केलं. रणजीतला विचारलं तर तो म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. असतील.

रणजीत ‘सुट्टी मिळाली की जाऊ’ म्हणतो, आणि मला एकटीने तिथे जाऊ देत नाहीत. म्हणून हे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी साताऱ्याकडे जाणार असाल, तर वाठारच्या पुढे आमची वाडी आहे. बाबासो आणि शकुबाईंचं घर कुणीही दाखवेल. पाणी मागायला म्हणून आत जा, माणसं चांगली आहेत, चहा पाजतील. अंगणात दोन वर्षांचा मुलगा असेल, शिवतेज. त्याला हाक मारा. तो बोलतो का बघा, अंगाने भरलाय की वाळलाय बघा. आणि जसं असेल तसंच मला कळवा, गोड करून नको.