कोट कुणी शिवला

आपलंच घर बघायला तिकीट काढावं लागलं, तिथेच आजीचं डोकं सटकलं. त्यात वर म्हाताऱ्यांना सवलत! "बालपण इथल्या खोलीत काढलं, आणि मला सवलत देतायत मेले," ती नातीला म्हणाली. नात म्हणाली, "आजी, जरा हळू." पण हळू बोलणं आजीच्या रक्तातच नव्हतं. एका खोलीत नऊ माणसं, तिथे हळू बोलणारा उपाशीच राहायचा.

बोटीतून परक्या मुलखात आलेली माणसं या इमारतीत कशी राहायची, ते दाखवायला आता तिचं संग्रहालय केलं होतं. आजीची तिसऱ्या मजल्यावरची खोली तर इतकी चकाचक, की तिला ओळखूच येईना.

"ढेकूण कुठे ठेवलेत?" तिने मोठ्यांदा विचारलं. माहिती सांगणारी मुलगी कसनुसं हसली.

मधोमध काचेच्या पेटीत एक काळा कोट. खाली पाटी : 'शिंपी असलेल्या वडिलांनी याच खोलीत शिवलेला कोट.'

झालं! आजीचा पारा चढला. "बाबांनी? अहो, त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता! इस्त्री तेवढी करायचे, तीसुद्धा चटके देत. हा आईनं शिवलाय. काजं बघा ना! आई डावरी, तिचे टाके उलट्या बाजूने जातात. जन्मभर तिने पाठ मोडून घ्यायची, आणि काचेत मिरवायला बाबा!"

मुलगी धावत जाऊन संग्रहालयाच्या मुख्य बाईंना घेऊन आली. बाई शांत होत्या. "आजी, आम्ही मनाचं काही लिहीत नाही. साक्ष आहे आमच्याकडे."

"कोण तो खोटारडा? आणा त्याला माझ्यासमोर!"

बाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. खोलीत एक खणखणीत म्हातारा आवाज घुमला, "आमचे बाबा शिंपी. दिवसभर मशीनवर. आई आपली घर बघायची."

"आजी, हा तर तुझा आवाज!" नात म्हणाली.

आजी मटकन खाटेवर बसली. 'बसू नये' अशी पाटी होती, पण सांगायची कुणाची छाती होती?

"चार वर्षांपूर्वी मी तुमच्या घरी आले होते, रेकॉर्डर घेऊन," बाई हलकेच म्हणाल्या. "तेव्हा असं का सांगितलंत?"

आजीने काचेतल्या कोटाकडे बघितलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बाईच्या हातचं शिवण म्हटलं की दुकानदार काम द्यायचा नाही. दारावर थाप पडली की आई मशीनवरून उठायची आणि बाबांना बसवायची. ते बसायचे ठोंब्यासारखे पाय हलवत. आम्हा सातही पोरांकडून तिने घोकून घेतलं होतं, कुणीही येवो, सांगायचं, बाबा शिवतात. आई जाऊन चाळीस वर्षं झाली. तो दुकानदारही कधीच मेला. तरी तुम्ही दार वाजवलंत, आणि माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं."

तिने बाहीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि बाईंकडे बघितलं.

"जा, घेऊन या तो रेकॉर्डर. आणि या वेळी दार वाजवू नका, सरळ आत या."