उसना वर्ग

आमच्या प्राचार्यांना माझा वर्ग डोळ्यांत खुपत होता. दुकान व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट, सहा महिने, संध्याकाळची वेळ, आणि विद्यार्थी दोन. जाहिरात त्यांनी जिन्याखालच्या फलकावर लावली, त्यावर शिवणवर्गाची जाहिरात चिकटवली, आणि वर मलाच विचारायचे, "मॅडम, कोणी येत का नाही हो?" नाक दाबायचं आणि श्वास का घेत नाही म्हणून विचारायचं, अशातली गत.

मी एका मोठ्या दुकानात कित्येक वर्षं मॅनेजर होते. गुडघे गेले तेव्हा हे कंत्राटी काम मिळालं. हेही गेलं असतं तर घरी बसून जाऊबाईंच्या हाताखाली भाजी निवडावी लागली असती, आणि ते मला मेले तरी नको होतं.

एक दिवस प्राचार्य म्हणाले, "शुक्रवारी बघायला येतो. वर्ग भरलेला असेल तर चालू ठेवू. नाहीतर राम राम."

दुकानात माल कमी पडला की आम्ही उरलेला सगळा फळीच्या कडेला ओढून ठेवतो. मागे पोकळी असली तरी समोरून फळी गच्च दिसते. मी तेच केलं. दीर, नणंद, नणंदेचे यजमान, शेजारपाजारचे, सगळ्यांच्या विनवण्या केल्या. शेवटी जाऊबाईंचेही पाय धरले.

"येते," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर मॅनेजर म्हणून मिरवलंस. बघू तरी काय दिवे लावतेस ते."

शुक्रवारी पुढच्या रांगा गच्च भरल्या. जाऊबाई लग्नाला निघाल्यासारख्या नटून अगदी समोर बसल्या. माझे खरे दोघे मागे गेले. त्यातला एक रजेवर असल्यासारखा पेंगायचा. दुसरी चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि तिथून धावत, डबा न खाता यायची. 'सर्टिफिकेट आण, मग तुला विभाग सांभाळायला देतो,' असं मालकाने तिला सांगितलं होतं.

चिडलेलं गिऱ्हाईक कसं हाताळायचं, हे मी शिकवायला घेतलं. जाऊबाईंनी हात वर केला. "आणि चूक गिऱ्हाइकाचीच असली तर?" मग दीर भांडले, नणंद भांडली, वर्ग असा रंगला की मीही विसरले ही सगळी उसनवारी आहे.

दारात प्राचार्य उभे होते. त्यांच्यामागे तेल चोपडलेल्या केसांचा एक गृहस्थ.

"वा! नवे प्रवेश ना?"

"हो. फी आठवड्यात भरतील," मी ठोकून दिलं.

"छान. मग एवढा चालता वर्ग कंत्राटी माणसावर सोडणं बरं नाही. सोमवारपासून हे शिकवतील. माझे साडू. विम्याच्या क्षेत्रातला दांडगा अनुभव आहे."

आयत्या बिळावर नागोबा! मढं होतं तोवर माझ्या दारात, धुगधुगी दिसल्याबरोबर वारस हजर. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"उठा," मी पुढच्या रांगांना म्हटलं. "घरी चला सगळे." आणि प्राचार्यांना म्हणाले, "ही माझी जाऊ, हे दीर, ती नणंद. सोमवारी तुमच्या साडूंना म्हणावं, बाकांना विमा शिकवा."

बाक सरकले. जाऊबाई दारात थांबल्या आणि साडूंना खालून वर न्याहाळत म्हणाल्या, "आमची शिकवते मात्र चांगलं हो." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेला हा पहिला बरा शब्द. मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

प्राचार्यांचा चेहरा क्षणभर उतरला, मग सरळ झाला. "म्हणजे विद्यार्थी नाहीतच. बंद करतो, आजपासून." ते साडूंना घेऊन चालते झाले.

पेंगणाराही गेला. मी पर्स उचलली, तर मागच्या बाकावर गल्ल्यावरची पोरगी तशीच बसलेली. वही उघडी, पेनाचं टोपण हातात.

"अगं, ऐकलंस ना? संपलं."

"ते साडू कसेही असते तरी सर्टिफिकेट मिळालं असतं ना, मॅडम?"

"त्या माणसाकडून काय शिकली असतीस तू?"

"शिकायचं ते तुमच्याकडून शिकलेच होते," ती म्हणाली. "पण मी खोटी नव्हते. मला विचारायचं तरी."

बाहेर नणंद माझं नाव घेऊन हाका मारत होती. मला पोरीकडे बघवेना.